काक्षी कोसळला तेव्हा

तारा कसा जगतो हे शिकवायला देवकी रहांगडाले फळा वापरत नसे. ती मुलांना शाळेच्या पटांगणात न्यायची. थोराड मुलांचा बाहेर एक गोल करायची आणि लहानांचा आत. बाहेरच्यांनी आत दाबायचं, आतल्यांनी कोपरं पसरून बाहेर रेटायचं.

"दाबा! अजून दाबा! आतल्यांनो, सोडू नका!"

मुलं खिदळायची, घामाघूम व्हायची, एकमेकांच्या पायांवर पाय द्यायची. गोल मात्र जिथल्या तिथे उभा राहायचा.

"हा झाला तारा," देवकी म्हणायची. "त्याचं स्वतःचं वजन त्याला आत चिरडायला बघतं आणि पोटातली आग त्याला बाहेर ढकलते. मारामारी बरोबरीत चालते, म्हणून लांबून तो आपल्याला शांत दिसतो. शांत मुळीच नसतो तो. जन्मल्यापासून मरेपर्यंत भांडत असतो."

मग ती आतल्यांना हळूच खूण करायची. ते झटकन खाली बसले की बाहेरचे धाडकन एकमेकांवर कोसळायचे. कोणाचा गुडघा फुटायचा, कोणाचं नाक. मुख्याध्यापक ओरडत बाहेर यायचे.

तिची भाची कनक नेहमी आतल्या गोलात असायची. एकदा कपडे झटकत तिनं विचारलं, "आत्या, पण आतले बसतातच कशाला? थकतात?"

"थकत नाहीत. त्यांचं जळण संपतं."

हे जळण म्हणजे लाकूड-कोळसा नव्हे. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकमेकांवर आपटतात, त्यांचा हेलियम होतो आणि त्यातून उष्णता निघते. हायड्रोजन संपला की मोठा तारा हेलियम जाळायला घेतो, मग कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक नवं जळण आधीच्यापेक्षा जड आणि आधीच्यापेक्षा लवकर संपणारं. हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो, कार्बन काही शतकं. सिलिकॉन एका दिवसात खलास होतो. त्याची राख म्हणजे लोखंड. आणि लोखंड कितीही दाबलं, कितीही तापवलं, तरी त्यातून उष्णता निघत नाही, उलट ते उष्णता खातं. तिथे ताऱ्याची आग हरते. पृथ्वीएवढा लोखंडाचा गोळा पापणी लवायच्या आत एखाद्या शहराएवढा होऊन बसतो, आणि बाकीचा तारा फुटून जातो.

मृग नक्षत्राच्या खांद्यावर एक तांबूस तारा आहे, काक्षी. तो मरायला टेकला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो उद्या मरेल की एक लाख वर्षांनी, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं, कारण ताऱ्याच्या पोटात डोकावता येत नाही. प्रकाशाला पोटातून पृष्ठभागापर्यंत यायलाच हजारो वर्षं लागतात.

पण न्यूट्रिनो सरळ निघतात. हे इतके अलिप्त कण आहेत की डोंगर, समुद्र, अख्खी पृथ्वी यांतून ते काचेतून उजेड जावा तसे आरपार जातात. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत सूर्याचे अब्जावधी न्यूट्रिनो तुमच्या अंगातून गेले, आणि तुम्हाला खाजदेखील सुटली नाही. त्यांच्यातला एखादा चुकूनमाकून कशावर तरी आपटतो, तेव्हा बारीकशी ठिणगी उडते. ती बघायची तर खूप मोठी टाकी हवी, ती विशिष्ट तेलानं भरलेली हवी आणि वरच्या जगाचा गोंगाट पोहोचणार नाही इतक्या खोल हवी.

अशी टाकी भंडारा जिल्ह्यात, खैरटोला गावच्या मॅंगनीजच्या बंद पडलेल्या खाणीत बसवली होती. आणि त्या भूमिगत वेधशाळेची प्रमुख होती त्याच गावच्या मुकादमाची मुलगी, देवकी. शाळेतले तास ती कामातून वेळ काढून घ्यायची.

गावाला तिचा अभिमान होता. तिच्या धाकट्या भावाला, खेमराजला, तो अर्धाच होता. बापानंतर खाणीचा मुकादम तोच झाला होता. खाण बंद झाली तेव्हा वेधशाळेनं त्याला देखभालीचं काम देऊ केलं, पण त्यानं हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं.

"जिथं माझ्या हाताखाली दोनशे माणूस होता," तो म्हणाला, "तिथं आता मी तेलाच्या टाकीले राखण बसू का, बाई?" पूर्व विदर्भात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"राखण नाही रे, यंत्रांची देखभाल."

"तेच ते. टाकी पळून जाते का पाहायचं."

दोघं हसले होते. असे टोमणे त्यांच्यात चालायचे. खेमराजची मुलगी कनक दोघांची लाडकी होती, त्यामुळे कुठलंही भांडण तिच्यापाशी येऊन विझायचं.

एप्रिलमधल्या एका सकाळी टाकीतल्या ठिणग्या वाढल्या. आधी दुप्पट, मग दसपट. देवकीनं तीनदा तपासून घेतलं. जगातल्या दुसऱ्या तीन वेधशाळांकडून तोच आकडा आला. काक्षीच्या पोटात सिलिकॉन जळत होतं. म्हणजे आज-उद्यात तो कोसळणार होता. खरं सांगायचं तर तो सहाशे वर्षांपूर्वीच कोसळला होता. बातमी इतक्या लांबून चालत आत्ता पोहोचत होती.

वेधशाळेनं लगेच जाहीर केलं: काक्षीचा स्फोट होईल, उजेड भर दिवसा दिसेल, आपल्याला काडीचाही धोका नाही. देवकी स्वतः ते खालूनच, तारेच्या जोडणीवरून बोलली आणि तिचं बोलणं सगळीकडे दाखवलं गेलं.

दुपार व्हायच्या आत दुसरी एक चित्रफीत फिरू लागली. तीतही देवकीच होती. तोच चेहरा, हनुवटीवरचा तोच तीळ, बोलण्याआधी घसा खाकरायची तीच सवय. ही देवकी रडवेली होऊन सांगत होती, "मी सकाळी खोटं बोलले. मला तसं सांगायला लावलं. ताऱ्याचा झोत आला की वर राहणाऱ्यांची कातडी सोलून निघेल. साहेब लोकांच्या बायकापोरांना आम्ही खाली घेतलं आहे. गावाला कळवायची मनाई आहे, पण मला राहवत नाही. जमेल त्यानं खाणीत या."

ती कोणी बनवली हे कधीच कळलं नाही. त्या काळात असं काही करायला हुशारी लागत नव्हती. फोनला एक चेहरा आणि थोडासा आवाज दिला की तो काहीही वदवून घेत असे. एखाद्यानं गंमत म्हणूनही केलं असेल.

खाली खाणीत मोबाइल लागत नसत, म्हणून देवकीनं ती पाहिली नव्हती. तिच्याबरोबर पुण्याचा सबनीस नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. दोघं बोगद्यातल्या टेबलाशी बसून पडद्यावरची ठिणग्यांची रेघ चढताना बघत होते. तेवढ्यात वरून तारेचा फोन वाजला. पिंजऱ्याचं यंत्र चालवणारे मोतीराम टेंभरे बोलत होते. हा पिंजरा म्हणजे खाणीत उतरायची लिफ्ट.

"देवकीबाई, सारं गाव इथं जमलं आहे. शेजारच्या गावचेही येऊन राहिले. पिंजरा सोड म्हणतात."

"कशाला? सोडू नका, मोतीरामकाका. कोणालाही उतरवू नका."

"मी कुठं सोडतो? पण यांच्या हातात—"

काच फुटल्याचा आवाज आला. कोणीतरी "हट ना बे बुढ्या!" म्हणालं. मग ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज, आणि मोतीरामांची किंकाळी. ती अर्ध्यातच तुटली. फोन लोंबकळत राहिला असावा, कारण लांबून शब्द येत राहिले: "चालवता येते का तुले?" "येते, सरक!"

पिंजऱ्याचा दोर थरथरू लागला.

पहिल्या खेपेला खेमराज उतरला. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. मागे त्याची बायको इंदू आणि कनक. कनकच्या पाठीला शाळेचं दप्तर होतं, त्यात पुस्तकं काढून पोळ्या कोंबल्या होत्या. बरोबर गावचे आणखी दहाबारा जण, ओळखीचे, पण एकाच्याही चेहऱ्यावर ओळख नव्हती. पिंजरा लगेच वर गेला. दुसरी खेप भरून आली. तिसरीत एका बाईचं डोकं फुटलेलं होतं आणि एकाचा सदरा रक्तानं छातीला चिकटला होता. वर पिंजऱ्यात शिरण्यासाठी शेजारी शेजाऱ्याला दगडानं हाणत होता.

"खेमा, हे काय चालवलं आहेस?" देवकी पुढे झाली.

"तू नको बोलू. तुझं बोलून झालं फोनात."

"कोणत्या फोनात?"

त्यानं फोन तिच्या तोंडासमोर धरला. देवकीनं स्वतःला रडताना पाहिलं. क्षणभर तिचीच खात्री डळमळली.

"ही मी नाही."

"मग कोण आहे? मले काय दुसरी बहीण होती का?"

मागून कोणीतरी हसलं. ते हसू ऐकून इंदूनं कनकला पोटाशी धरलं.

"खेमा, मी सकाळपासून इथून हललेली नाही. कोणाच्या बायकापोरांना खाली आणलेलं नाही. बघ ना, आहे का इथे कोणी?"

"तेच तं म्हणतो. सकाळपासून तू खाली, आम्ही वर." त्याचा आवाज फाटला. "माझी राहू दे. या पोरीची तरी आठवण नाही आली तुले?"

जे घडलंच नाही त्याचा जाब कसा द्यायचा?

सबनीस मध्ये पडला. "हे बघा, तुम्ही जरा समजून घ्या. हा तारा सहाशे प्रकाशवर्षं—"

कोणीतरी पहारीचा दांडा त्याच्या जबड्यावर घातला. तो भिंतीवर आदळून खाली बसला. ओंजळीत त्याच्याच रक्तात त्याचे दोन दात होते. तो त्यांच्याकडे परक्याची वस्तू पाहावी तसा बघत राहिला.

आता देवकी ओरडून बोलू लागली. शिकवण्यावर तिचा फार विश्वास होता. नीट सांगितलं की माणसाला पटतं, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं.

"ऐका! वर काही धोका नाही. आणि असता तरी खाली येऊन उपयोग नव्हता! ताऱ्यातून जे येतं ते दगड अडवू शकत नाही. ते आत्ताही डोंगरातून आरपार येतंय, इथे, तुमच्या-माझ्या अंगातून जातंय!"

मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे इथंही पोचते ते?"

"पोचतं, पण त्यानं काही होत—"

"त्या लोखंडी दाराच्या मागं चला!" कोणीतरी किंचाळलं.

बोगद्याच्या टोकाला टाकीच्या दालनाचं जाड पोलादी दार होतं. सगळा जमाव तिकडे उसळला. "तिथे नको! त्या नळांना हात लावू नका!" देवकी ओरडत राहिली, पण तिचं खरं बोलणं खोट्या बोलण्यापेक्षा भयंकर ठरलं होतं. दाराच्या कुलपावर पहारी पडू लागल्या. ज्यांना पुढे जागा नव्हती ते पुढच्यांचे केस धरून मागे ओढत होते. एका बाईनं आपल्याच दिराचा हात चावला. दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर एक माणूस पडला आणि बाकीचे त्याच्यावरून आत गेले. इंदूच्या हातातून कनकचा हात सुटला. पाठीवरचं दप्तर लोंढ्याबरोबर आत गेलेलं तेवढं देवकीला दिसलं.

टाकीतल्या तेलाला हवा लागू नये म्हणून त्याच्यावर नायट्रोजन भरून ठेवलेला असतो. नायट्रोजन विषारी नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतला बहुतेक भाग तोच असतो. पण निव्वळ नायट्रोजन छातीत गेला तर माणूस मरतो, आणि मरतो हे त्याला कळत नाही. गुदमरल्यासारखं होत नाही, वास येत नाही, खोकला येत नाही. चार-दोन श्वासांत पाय लुळे पडतात, एवढंच.

दार फुटताच कुलपावरून सटकून आत गेलेली एक पहार भिंतीवरच्या जाड नळाला लागली होती. नळ सुसाट फुसफुसत होता. प्राणवायू घटल्याची घंटा वाजू लागली. त्या गोंधळात लोकांना ती ताऱ्याच्या आगमनाची घंटा वाटली. ते दालनात आणखी खोल शिरले, नेमके नळाच्या दिशेनं.

देवकीनं खेमराजचा दंड धरला. "बाहेर काढ सगळ्यांना! आत हवा नाहीये! माणसं पडतील!"

त्यानं पहार टाकली आणि तिची मनगटं पिरगळून तिला भिंतीला दाबलं. "आता हवा नाही म्हणते! आधी झोत नाही म्हणाली, मग झोत आहे म्हणाली. फोनातली तू खरी का ही तू खरी, सांग ना!" त्याची पकड इतकी घट्ट होती की तिच्या मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तो चपापला, पण सोडलं नाही.

आणि त्याच वेळी, त्याच्या खांद्यावरून, देवकीला पडदा दिसला.

सकाळपासून चढणारी रेघ सरळ उभी राहिली आणि चौकटीबाहेर निघून गेली. टाकीत एकाच वेळी लक्षावधी ठिणग्या उडाल्या होत्या. काक्षी कोसळला. लाखो वर्षं चाललेली मारामारी तो हरला, आणि त्या हरण्याचा जवळजवळ सगळा जोर न्यूट्रिनो होऊन निघाला. तो त्या क्षणी बोगद्यातल्या प्रत्येकाच्या अंगातून गेला: खेमराजच्या, सबनीसच्या फुटलेल्या जबड्यातून, उंबऱ्यावर तुडवल्या गेलेल्या माणसातून. ज्याच्या भीतीनं ते इथे आले होते ते येऊन गेलं, आणि कोणाचा एक केसही हलला नाही. हाणामारी तशीच चालू होती.

"खेमा, झालं," ती म्हणाली. "आत्ता झालं. गेलं ते."

त्याला समजलं नाही. दालनात एक बाई उभ्याउभ्या गुडघ्यांत दुमडली. तिच्यावर वाकलेला माणूस तिच्यावरच पडला.

बोलण्याचा उपयोग नव्हता. तिचा आवाज, तिचा चेहरा, दोन्ही त्या दुपारी निकामी झाले होते. पण खाणीला आणखी एक भाषा होती, जी तोंडानं बोलत नाहीत.

खाणीत मुकादम लोखंडाच्या रुळावर पहार आपटून इशारे देतो. एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे पिंजरा खाली. तीन म्हणजे माणसं चढताहेत. आणि न थांबता पडत राहिलेले ठोके म्हणजे छत खचतंय, हातातलं टाका आणि पिंजऱ्याकडे पळा. तिथे 'का' विचारायचं नसतं. देवकीचे वडील म्हणायचे, "ठोका ऐकून 'का' विचारणारा माणूस आपल्या खाणीत म्हातारा झाला नाही." खैरटोल्यातली पोरं हे चालायला शिकण्याबरोबर शिकत. खेळतानाही कोणी असे ठोके देत नसे. दिले तर थोबाडीत बसायची.

खेमराज पडणाऱ्या माणसांकडे बघत असताना तिनं हात सोडवून घेतला, त्यानं टाकलेली पहार चांगल्या हातानं उचलली, बोगद्यातल्या जुन्या रुळापाशी गुडघे टेकले आणि हाणायला सुरुवात केली.

ठण ठण ठण ठण ठण ठण.

पहिला उलटा वळला खेमराजच. त्याचा चेहरा पुसल्यासारखा झाला. त्याच्या मागे जमाव वळला. दालनातून माणसं बाहेर उसळली, धडपडत, शुद्ध हरपलेल्यांना ओढत. कनक बाहेर आलेली देवकीनं पाहिली. ओठ निळे, पण स्वतःच्या पायांवर पळत होती, आणि पळत होती पुढच्यांच्या बरोबरीनं. देवकी एका हातानं ठोके देत राहिली. सबनीस रांगत आत गेला, दोघांना पायाला धरून बाहेर काढलं, तिसऱ्यासाठी गेला आणि एकटाच परत आला. मान हलवून त्यानं दार लोटलं.

ते वाचले. पण या ठोक्याचा अर्थ दालनाबाहेर या एवढाच नाही. पिंजऱ्याकडे पळा, असा आहे. आणि पिंजरा वर होता.

पिंजऱ्याच्या तोंडाशी फक्त एक आडवा लोखंडी अडसर होता. त्यापलीकडे, पिंजरा जिथे उतरतो त्याच्या तळाशी, खाणीचं सांडपाणी साचलेला खड्डा, काळा आणि खोल. सगळा लोंढा त्या अडसराकडे निघाला होता.

देवकीनं हात थांबवला. मग पूर्ण ताकदीनं एक ठोका दिला. थांबा. पुन्हा एक. पण इतक्यांच्या किंकाळ्यांत एकटा ठोका कोणाला ऐकू जाणार?

तो खेमराजला ऐकू गेला, किंवा त्याला तो ऐकण्याची गरजच नव्हती. पळतीच्या वेळी मुकादमाची जागा अडसरापाशी असते. इतकी वर्षं पंक्चर काढूनही त्याचे पाय ती जागा विसरले नव्हते. तो अडसराला पाठ लावून, तोंड लोकांकडे करून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"पिंजरा नाही! मागं सरका बे! पिंजरा नाही आला!"

पुढच्यांनी ऐकलं. त्यांना थांबायचंही होतं. पण मागच्यांचं वजन त्यांच्या पाठीवर होतं, आणि त्या मागच्यांच्या पाठीवर आणखी मागच्यांचं. गर्दीत कोणी एकटा माणूस कोणाला मारत नाही, सगळ्यांचं वजन मिळून मारतं. खेमराजनं कनकला उचलून बाजूच्या दगडी कपारीत फेकलं, अक्षरशः फेकलं, आणि पुन्हा हात पसरले. अडसर वाकला. त्याच्या फासळ्या मोडल्या तेव्हा त्यानं तोंड उघडलं, पण ओरडायला छातीत हवा उरली नव्हती. डोळे उघडे होते. ते बहिणीला शोधत होते की पिंजऱ्याला, हे देवकीला लांबून कळलं नाही.

शेवटी पिंजरा खाली आला. वर चाललेली मारामारी पोलिसांनी मोडली होती आणि यंत्रापाशी कोणी शहाणा माणूस बसला होता. लोक पिंजऱ्यात एकमेकांवर सांडले. दाब सुटला. अडसराला टेकून खेमराज तसाच उभा होता. देवकीनं हात लावल्यावर खाली घसरला.

खड्ड्यात एकही माणूस पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेमराजला घाटावर नेलं. गावातून त्या दिवशी सात तिरड्या निघाल्या. मोतीराम नागपूरला दवाखान्यात शुद्धीवर येत होते. घरी बायका राहिल्या. अंगण धुऊन झालं होतं आणि ओल्या जमिनीवर इंदू भिंतीला टेकून बसली होती. देवकीचा हात प्लास्टरमध्ये होता. शेजारणी आल्या, बसल्या, गेल्या. देवकीशी कोणी बोललं नाही, तिला कोणी हाकललंही नाही.

"साऱ्या जगात तुमचं नाव घेऊन राहिले म्हणे," इंदू म्हणाली. "तुमच्या टाकीनं ताऱ्याचं सगळं टिपलं म्हणे."

"हो."

"मले एक खरं सांगा, बाई. फोनात तुम्ही नव्हत्या ना?"

"नव्हते, इंदू."

इंदूनं मान डोलावली. पटलं म्हणून डोलावली की थकली म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. कदाचित पुढेही तो असणार नव्हता.

घाटाच्या बाजूनं ओरडा आला. मग गल्लीतून, मग चारी बाजूंनी. कोसळण्याचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागतो. आता उजेड आला होता. पांढऱ्या तापलेल्या आभाळात, सूर्यापासून बराच दूर, टाचणीच्या टोकाएवढा एक निळसर ठिपका पेटला होता आणि बघता बघता तो डोळ्यांना टोचू लागला. आयुष्याची वीस वर्षं देवकीनं याच ठिपक्याची वाट पाहिली होती. तिनं वर पाहिलं, आणि मग खाली.

कनक पायरीवर बसली होती. तिनं वर बघितलंच नव्हतं.

"तो आला वाटतं," ती म्हणाली.

"आला."

"त्यानं कोणाला काही केलं नाही ना?"

"नाही."

कनकनं पायाच्या अंगठ्यानं ओली माती उकरली. "आत्या, ठोका पडला तेव्हा मी पळाले."

"बरं केलंस. तसंच शिकवलंय तुला."

"माझ्या पायाखाली कोणीतरी होतं. दारात. मऊ लागलं. हललं पण." तिनं आत्याकडे पाहिलं. "मी थांबले नाही. कोण होतं ते?"

आजवर देवकीनं या मुलीचा एकही प्रश्न टाळला नव्हता. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायची आणि मग दोघी मिळून शोधायच्या. हा प्रश्न मात्र टाळता येण्यासारखा होता. तू लहान आहेस, विसरून जा, असं म्हणता आलं असतं. अंगणातल्या सगळ्या बायका त्याचीच वाट बघत होत्या.

"माहीत नाही," देवकी म्हणाली. "चल, विचारून येऊ."

तिनं कनकला उठवलं, तिच्या पायात चपला सरकवल्या आणि फाटकाची कडी काढली.

"बाई!" इंदू दचकून उठली. "सुतक आहे आपल्याले. दुसऱ्याच्या दारी कशा जाता?"

देवकीनं कनकचा हात चांगल्या हातात धरला. गल्लीत लोक माना वर करून उभे होते. त्यांच्यातून वाट काढत ती म्हणाली, "जिथे जायचंय, त्या घरांतही सुतकच आहे, इंदू."